रोप कुणाकडून आणलं?

नोकरीच्या मुलाखतीत सरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुमच्याकडे पिवळ्या रंगाचे कपडे किती आहेत?"

मी पदवीची सगळी पुस्तकं दोन महिने डोक्यात कोंबून आले होते. खुर्चीच्या टोकावर बसले होते. आणि अंगावर नेमका पिवळाच ड्रेस होता, मावसबहिणीच्या लग्नात मिळालेला, माझ्याजवळचा सगळ्यात चांगला. "हा एकच," मी म्हणाले. सरांनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं. "नोकरी मिळाली तर हा कुणाला तरी देऊन टाका. पांढऱ्या माशीला पिवळा रंग लांबून दिसतो. ती तुमच्या ओढणीवर बसून या प्लॉटमधून त्या प्लॉटमध्ये जाईल, आणि तिकीटही काढणार नाही." शेजारी बसलेले दोन साहेब छताकडे बघायला लागले. त्यांना सवय असावी.

नोकरी मिळाली. ड्रेस मी कुणाला दिला नाही, तो अजून पेटीत आहे.

या माणसामुळे माझ्या आईची नर्सरी बंद पडायची वेळ आली, आणि याच माणसामुळे ती आज उभी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतली कोणती आधी सांगावी हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही, म्हणून आधी सरांच्या तऱ्हाच सांगते.

सर वनस्पतींच्या रोगांचे शास्त्रज्ञ. आमचं संशोधन केंद्र लहान होतं : तीन खोल्या, रोपं ठेवायला एक जाळीघर, आणि मनात आलं तर चालणारा एक एसी. सरांचा विषय भाजीपाल्यावरचे विषाणू. माझं काम त्यांच्याबरोबर गावोगाव फिरणं, रोगट पानं तोडणं, नोंदी ठेवणं, आणि ते पुढे गेले की मागे राहून शेतकऱ्यांची समजूत काढणं. हे शेवटचं काम नेमणूकपत्रात नव्हतं, पण निम्मा दिवस त्यातच जाई.

आता हिंगोली जिल्ह्यात राहून पिवळ्या रंगाशी वैर धरायचं म्हणजे अवघडच. इथं हळद पिकते. ती शिजते, वाळते, पॉलिश होते, आणि त्या दिवसांत माणसांचे सदरे, टेम्पोचे टप, ओट्यावर झोपलेली कुत्री, सगळं पिवळं होतं. सरांनी तरी हार मानली नाही. नरसीच्या बाजूला एका गावात आम्ही टोमॅटोच्या बांधावर बसून माशा मोजत होतो. तेवढ्यात हळद लागलेला नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघाला. वाट त्याच बांधावरून. सर हात पसरून आडवे उभे राहिले. नवरदेवाच्या मामांना वाटलं, मुलीकडचं कुणीतरी मोडता घालायला आलं आहे. बाचाबाची झाली, वाजंत्री थांबली. शेवटी मी कुणाच्या तरी घरून घोंगडी मागून आणली आणि नवरदेवाला तिच्यात गुंडाळून पलीकडे नेलं. त्या मिरवणुकीचा फोटो पुढं नवरदेवाकडच्यांनी आम्हाला दाखवला. सगळे मामा आहेत, मध्ये एक घोंगडी आहे.

सरांच्या खांद्यावरच्या पिशवीत दुधाची बाटली असे. टोमॅटोच्या शेतात शिरण्याआधी तंबाखू मळणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ते दूध ओतत. तंबाखूत एक विषाणू असतो, तो चुना लावून मळला तरी मरत नाही, बोटांवर राहतो आणि बोटं रोपाला लागली की आत जातो. दुधानं तो निकामी होतो. हे सगळं शास्त्राला धरून आहे, मी नंतर पुस्तकात वाचलं. पण आमच्याकडे तंबाखू न मळणारा बाप्या शोधावा लागतो, त्यामुळे सर आले की शेताच्या तोंडाशी रांग लागायची. एकदा एका म्हाताऱ्यानं हात मागे घेतला. "सायेब, घरात नातवाला दूध न्हाई अन् तुमी हातावर ओतून राहिले?" दुसऱ्या दिवसापासून सरांच्या पिशवीत दोन बाटल्या असत. दुसरी बाटली ते त्या त्या शेतकऱ्याच्या घरात गुपचूप नेऊन द्यायचे, आणि कुणी आभार मानायला लागलं की त्याला पांढरी माशी दाखवायचे.

तिसरी तऱ्हा लग्नपत्रिकांची. रोगट पानं ठेवायला केंद्रात छापील पाकिटं होती, पण सरांना ती चालत नसत. लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो, त्यात पान सपाट वाळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते जाईल त्या घरी चहाआधी जुनी पत्रिका मागत. सुरुवातीला लोकांना वाटे साहेबाला मुलीसाठी स्थळ बघायचं आहे. पत्रिकेच्या पुढच्या बाजूला गणपती आणि चि. सौ. कां., मागच्या बाजूला सरांच्या बारीक अक्षरात गाव, शेतकऱ्याचं नाव, पीक आणि रोग म्हणजे "मिरची, चुरडा-मुरडा", आणि शेवटी एक ओळ : रोप कुणाकडून. अर्ध्या जिल्ह्याची लग्नं त्यांच्या कपाटात होती.

त्या पानांतून विषाणू वेगळा करून आम्ही तो बाहेरच्या लॅबला पाठवत असू. तिकडून त्याची अक्षरं यायची. मला हे काम सरांनी जसं शिकवलं तसंच सांगते. हा विषाणू म्हणजे जेमतेम पावणेतीन हजार अक्षरांची चिठ्ठी. माशी ती एका झाडातून दुसऱ्या झाडात पोचवते. झाड बिचारं ती खरी मानतं आणि तिच्या नकला काढत बसतं. नकला काढताना चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात, एखादी कामाला येते, आणि त्या चुकीचा वंश वाढतो. दोन चिठ्ठ्यांतल्या चुका ताडून पाहिल्या की कोण कुणाचा भाऊ, कोण चुलता, हे कळतं. सरांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरांच्या पाठी चिकटवून जिल्ह्यातल्या विषाणूंची वंशावळ काढली होती. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. मला ते पहिले सहा महिने "अहो" म्हणत होते. पण मिरचीतल्या एखाद्या विषाणूचा चुलता कोणत्या गावच्या वांग्यात आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

कोरोनानंतर आमचं बोलणं लोकांना लवकर कळायला लागलं. "म्हंजे टमाट्याची बी आरटीपीसीआर," असं एकानं म्हटल्यावर सर इतके खूश झाले की तेच ते सगळ्या गावांत सांगायला लागले.

एका शब्दावरून मात्र ते हमखास भडकायचे. शेतकरी म्हणायचा, "सायेब, व्हायरस आला." सर म्हणायचे, "आला नाही. आणला. रोप कुणाकडून आणलं?" माणसं दुखावायची. पीक गेलेल्या माणसाला असं विचारणं बरं नव्हे, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. ते ऐकून घेत आणि पुढच्या बांधावर पुन्हा तेच विचारत. त्यांचंही बरोबर होतं. पांढरी माशी स्वतःच्या पंखांवर फार लांब जात नाही. लांबचा प्रवास रोपांच्या ट्रेमधून होतो.

आता याडी. याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत आई. वारंगा फाट्यावरून आत गेलं की आमचा तांडा, आणि तांड्याच्या तोंडाशी याडीची नर्सरी. शेतकरी बियाण्याचं पाकीट आणून देतो, याडी त्याची रोपं करून देते. याडीला वाचता येत नाही, पण कोणता ट्रे कुणाचा हे तिला कधी विचारावं लागलं नाही. तिचं रोप मेलं तर ती दुसरं देते आणि वर दोन जास्त देते. माझं कॉलेज आणि बहिणीचं लग्न त्या ट्रेमधूनच झालं. आसपासच्या पंधरावीस गावांत "तांड्यावरच्या बाईचं रोप" एवढंच म्हटलं तरी पुरायचं.

सरांची बायको आणि मुलगी नागपूरला असत. ते इथं क्वार्टरमध्ये एकटे राहत आणि बिस्किटं खात. हे मी घरी बोलून गेले, आणि दर सोमवारी माझ्याबरोबर त्यांचा डबा जायला लागला : भाकरी, ठेचा, असेल ती भाजी. पहिल्या वेळी सरांनी डबा लख्ख धुऊन परत दिला. याडीनं उघडून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "काहून गं, तुझ्या सायेबाला मायनं काई शिकवलं न्हाई का? रिकामं भांडं परत धाडतात व्हय?"

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. मी हे सरांना हसत हसत सांगितलं, आणि तिथंच चुकलं, कारण त्यांनी ते लिहून घेतलं. पुढच्या सोमवारपासून डबा भरून यायला लागला. पण सरांच्या घरात होतं काय? एकदा चहाची पूड आली. एकदा चार खडू. एकदा केंद्राचं "भाजीपाला पिकांवरील कीड व्यवस्थापन" हे पत्रक व्यवस्थित घडी घालून. याडीनं सगळं दोन्ही हातांनी घेतलं. पत्रक तिनं देवाच्या फळीवर अंथरलं.

आणि एका सोमवारी डब्यात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा टोमॅटोची रोपं आली.

ती सरांच्या जाळीघरातली होती. सर बरीच वर्षं टोमॅटोचं एक वाण तयार करत होते. लांबून कुठून तरी आणलेली काही रोपं. त्यातली रोगट झाडं दर हंगामात उपटायची आणि निरोगी दिसतील त्यांचंच बी धरायचं. आता ते वाण कितीही माशी असली तरी पान वाकडं करत नव्हतं. पुढच्याच वर्षी ते शेतकऱ्यांसाठी प्रसारित व्हायचं होतं. सरांनी त्याला अजून नाव दिलं नव्हतं, नुसता आकडा होता, पण त्या आकड्याकडे बघताना त्यांचा चेहरा बदलायचा. "घरच्या भाजीपुरती लावायला सांगा," ते मला म्हणाले. याडीनं ती पाण्याच्या टाकीजवळ, नर्सरीच्या कोपऱ्यात लावली. झाडं पुरुषभर वाढली. शेजारचे मिरचीचे वाफे चुरडले, ती सहा झाडं हिरवीगार. तांड्यातली माणसं बघायला यायची. "सायेबाची झाडं," याडी सांगायची, जावई दाखवावा तसं.

त्यानंतरच्या हंगामात सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला मारोतराव म्हणून एक बागायतदार आहेत, त्यांचा फोन आला. आम्ही गेलो. टोमॅटोचा सगळा प्लॉट आखडलेला, पानं वाटीसारखी वळलेली, फुलं गळून पडलेली. त्यांनी व्हायरसला दाद न देणारं म्हणून ओळखलं जाणारं, दरवर्षी टिकणारं बियाणं लावलं होतं. सरांनी विचारलं, "रोप कुणाकडून आणलं?"

मारोतराव माझ्याकडे बघत म्हणाले, "यांच्याच मायकडून."

आठवड्याभरात आणखी चार गावं झाली. प्रत्येक ठिकाणी सरांचा तोच प्रश्न आणि लोकांचं तेच उत्तर. मी प्रत्येक पत्रिकेच्या मागे माझ्याच हातानं लिहीत होते : रोप - तांडा नर्सरी. सरांनी मला सांगितलं, "उद्या तुमच्या आईच्या नर्सरीतून नमुना आणा. तिथं रोग असला तर विक्री थांबवावी लागेल."

मी आणला. तोच एक नमुना मी पाठवला नाही. एका पत्रिकेत पान घातलं, ती माझ्या पर्समध्ये ठेवली आणि बाकीचे नमुने लॅबला रवाना केले. मला माहीत होतं की हे चुकतं आहे. पण भिंतीवरच्या त्या वंशावळीत सगळ्या फांद्या माझ्या याडीपाशी येऊन मिळणार, तिचं नाव रोगाच्या मुळाशी लिहिलं जाणार, आणि मग तिच्याकडे कोण पाकीट घेऊन येणार? ही नर्सरी गेली तर तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. पर्स मी आठ दिवस कुणाच्या हाताला लागू दिली नाही.

नवव्या दिवशी सर कपाटासमोर उभे राहून म्हणाले, "एक पत्रिका कमी आहे."

मी पर्समधून काढून दिली. वाटलं, आता ओरडतील, नोकरी जाईल. ते पत्रिका हातात धरून उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "या आठ दिवसांत आईनं किती गावांना रोपं दिली?"

मी मनातल्या मनात गावं मोजली. तीन गावांना दिली होती. त्या तीन गावांत नंतर प्लॉट गेले, ते माझ्यामुळे गेले. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, इथंच लिहिते आहे.

त्याच दिवशी सर तांड्यावर गेले आणि त्यांनी याडीला विक्री थांबवायला सांगितलं. याडीनं थांबवली. कारण विचारलं नाही. संध्याकाळी मला मात्र विचारलं, "तू लपवून ठिवलं व्हतं व्हय?" मी मान डोलावली. तिनं मला त्या दिवशी जेवायला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही.

अक्षरं आली तेव्हा कोडं वाढलं. रोग जुना नव्हता. विषाणू नवाच होता, आणि त्याची चिठ्ठी दोन ठिकाणची होती. अर्धी आमच्या भागातल्या मिरचीतल्या विषाणूची, वर्षानुवर्षं ओळखीची. उरलेली अर्धी कुणाची ते कळेना. भिंतीवरच्या एकाही फांदीशी ती जुळत नव्हती. म्हणजे दोन विषाणू कधीतरी एकाच झाडात एकत्र आले, नकला काढताना अर्धी याची आणि अर्धी त्याची अशी एक चिठ्ठी तयार झाली, आणि ती दोघांपेक्षाही जहाल निघाली. मिरचीतला बाप सापडला होता. दुसरा कोण? सरांनी पंधरा दिवस जिल्हा पालथा घातला. भेंडी तपासली, काकडी, वांगी, बांधावरचं तण. बिस्किटंही खाईनात.

शेवटी एका दुपारी ते याडीच्या नर्सरीत येऊन पाटावर बसले. मी होतेच. त्यांनी एकेक ट्रे पाहिला. वाकडी पानं सगळी तपासून झाली होती, आता पाहायला उरलं नव्हतं काही. याडीनं चहा आणला. चहा घेताना त्यांची नजर टाकीकडे गेली. सहा झाडं फळांनी लदबदली होती. एकाही पानाला सुरकुती नाही.

सवयीनं, खरंच निव्वळ सवयीनं, त्यांनी विचारलं, "ही रोपं कुणाकडून आणली?"

याडी हसली. "काय सायेब, इसरले व्हय? तुमीच की. डब्यातून धाडली व्हती."

सरांनी कप खाली ठेवला. मग ते उठले, टाकीपाशी गेले आणि झाडांसमोर उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, चहावर साय धरली एवढं आठवतं. माझ्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला. आम्ही इतकी वर्षं रोगट पानंच गोळा करत होतो. निरोगी पान तपासायला कोण पाठवतो?

सहाच्या सहा झाडांच्या पानांत तो दुसरा बाप सापडला. जाळीघरातल्या त्यांच्या सगळ्या वाणातही सापडला. झाडं आजारी पडत नव्हती ती विषाणू नव्हता म्हणून नाही. तो आत होता, गप्प होता, झाडाला त्याचा त्रास होत नव्हता इतकंच. लांबून आलेल्या त्या पहिल्या रोपांतच तो आला असणार, आणि दर हंगामात माशीनं तो नव्या रोपांत नेला असणार. सरांनी वर्षानुवर्षं ज्याला ताकद समजून निवडलं ते त्याचं चांगलं घर होतं. याडीच्या कोपऱ्यात शेजारच्या मिरचीतली माशी त्या घरात जाऊन बसली, दोन चिठ्ठ्या तिथं मिसळल्या, आणि नवी चिठ्ठी माशीनं शेजारच्या ट्रेमध्ये पोचवली.

हे जगात आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाले, "सर, ही सहा झाडं उपटून टाकू. दुसरा बाप सापडला नाही म्हणून लिहू. आईचं काय व्हायचं ते झालंच आहे, तुमचं वाण तरी..."

सरांनी वर पाहिलं. "किती दिवस लपवू? आठ?"

दुसऱ्या दिवशी मी गावोगाव बैठकीचे निरोप दिले.

पाच आणि तीन, अशी आठ गावांची माणसं तांड्यावर जमली तेव्हा मंदिरासमोरच्या ओट्यावर बसायला जागा नव्हती. तांड्याचे नाईक मध्ये, याडी एका कडेला पदर ओढून बसलेली. बोलायला मारोतराव उठले. "बाईचं आमचं काई वैर न्हाई. पन तिच्या रोपातून आमच्या वावरात व्हायरस आला, हे खरं हाय का न्हाई, एवढं सायेबांनी सांगावं."

सर उभे राहिले. हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, तो त्यांनी उघडलाच नाही. "आला नाही," ते म्हणाले, "आणला. मी आणला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं वाण, आतला गप्प विषाणू, डबा, सहा रोपं. दोन चिठ्ठ्या एकाच झाडात कशा मिसळल्या हे सांगताना ते अडखळायला लागले. मागून एकजण म्हणाला, "म्हंजे परीक्षेत दोघाचं पाहून लिवलं. अर्धं याचं, अर्धं त्याचं."

"बरोबर," सर म्हणाले. "आणि तो पास झाला."

कुणीतरी हसलं, पण एकट्याचंच. मारोतराव पुन्हा उठले. "सायेब, हे तुमी न सांगता बी भागलं असतं. कोणाला कळत व्हतं?"

"भागलं नसतं. ती झाडं अजून उभी आहेत."

नाईक म्हणाले, "मंग आता करायचं काय, ते सांगा." सरांनी सांगितलं : सगळ्यांनी एकाच आठवड्यात टोमॅटो-मिरची उपटायची, बांधावरचं तण काढायचं, आणि पुढचे अडीच महिने आठही गावांत कुणी ही दोन पिकं लावायची नाहीत. माशीला विषाणू न्यायला जागाच ठेवायची नाही. कुजबुज सुरू झाली. ज्यांचे प्लॉट अजून बरे होते ते मान हलवेनात. तेव्हा याडी उठली, कुणाशी न बोलता चालत नर्सरीत गेली, आणि सगळ्यांसमोर तिनं ती सहा झाडं फळांसकट उपटली. मग ट्रे उलटे करायला लागली. दोन ट्रे झाले, तेव्हा मारोतराव जाऊन तिसरा धरायला लागले.

त्या हंगामात नर्सरी बंद होती. आमचे ते महिने कठीण गेले, याडी हळदीच्या कामाला रोजंदारीनं गेली. मला सरांचा राग यायचा. एवढा सत्याचा सोस असेल तर डब्यात खडूच घालायचे होते, असं मनात यायचं. आणि त्यांना रोज केंद्रात पाहिलं की लाज वाटायची. वाणाचा अर्ज त्यांनी मागे घेतला होता. वरून चौकशी आली, लेखी खुलासा मागितला, तो त्यांनी एका परिच्छेदात दिला. जाळीघरातली झाडं आम्ही दोघांनी पोत्यात भरली. पोती जळेपर्यंत ते तिथंच थांबले.

दुसऱ्या दिवशी सर पिवळा शर्ट घालून आले. घडीच्या रेघा पडलेल्या, कित्येक वर्षं कपाटात असणार. मी "छान आहे," म्हटलं.

"मुलीनं पहिल्या पगारातून घेतला होता," ते म्हणाले. "घालायला जमलंच नव्हतं."

पुढच्या हंगामात सरांनी स्वतः शिडीवर चढून याडीच्या नर्सरीला बारीक जाळी बसवली, दाराला आत आणखी एक दार केलं. बियाण्याचं पहिलं पाकीट घेऊन मारोतराव आले. त्यांनी तंबाखूची पुडी आपणहून बाहेर दगडाखाली ठेवली आणि दुधासाठी हात पुढे केले. तो नवा विषाणू त्यानंतर आमच्या आठ गावांत दिसलेला नाही. दुसरे दिसतात. ते दिसत राहणार.

सर निवृत्त होऊन नागपूरला गेले. जाताना लग्नपत्रिकांचं कपाट मला दिलं. याडीचा शेवटचा डबा मात्र चुकून त्यांच्या सामानात गेला. महिन्याभरानं वारंगा फाट्यावरच्या चहावाल्याचा निरोप आला की एसटीच्या ड्रायव्हरनं तुमचं पार्सल ठेवलं आहे. मी आणलं. याडीनं उघडलं. डबा लख्ख धुतलेला, आत पत्रिकेचा तुकडा, त्याच्या पाठीवर सरांचं बारीक अक्षर. मी वाचून दाखवलं : "ताई, डबा रिकामा पाठवतो आहे. यापुढे रिकामाच पाठवेन. रीत मोडतो, माफ करा."

याडीनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "मायनं शिकवलं न्हाई, असं मी उगंच म्हनले व्हते."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून फाट्यावर धाडली. डबा अजून जातो-येतो. दर वेळी रिकामा येतो, आणि याडी तो दर वेळी दोन्ही हातांनी घेते.